मोबाइलने घराचा नकाशा काढताय? ॲप निवडण्याआधी टेप हातात घ्या!

ऊसतोडीचा हंगाम संपला, टोळ्या गावी परतल्या की बीड जिल्ह्यातल्या गावांत घरांची कामं निघतात. पावसाळ्याआधी स्लॅब पडला पाहिजे, निदान पत्रे तरी चढले पाहिजेत, अशी घाई असते. कुणी माळवद उतरवून त्या जागी दोन पक्क्या खोल्या काढतो, कुणाला घरकुलाला लागून स्वयंपाकघर वाढवायचं असतं. पुण्यात नोकरीला असलेला मुलगा गावाकडच्या घराची फरशी बदलायची म्हणून फोन करतो, ‘अण्णा, बैठकीची खोली किती फुटांची आहे?’ उत्तर येतं, ‘असंल की दहा-बारा.’

आता हे ‘दहा बाय बारा’ की ‘दहा ते बारा’, इथेच सगळा घोळ सुरू होतो. मग मुलगा वडिलांच्या मोबाइलवर खोली स्कॅन करणारं एखादं ॲप टाकायला सांगतो. जाहिरातीत तर काही सेकंदांत घराचा नकाशा तयार होताना दिसतो. खोलीत फोन फिरवा, झालं!

ही ॲप्स उपयोगाची आहेत, यात शंका नाही. पण बहुतेक जण ‘सगळ्यात चांगलं ॲप कोणतं?’ हा प्रश्न आधी विचारतात. तो शेवटी विचारायला हवा. आधीचे प्रश्न तीन आहेत : हातातला फोन कोणता, घर कसलं आणि निघालेला नकाशा कुणाला दाखवायचा आहे?

फोन भिंत मोजतो कसा?

यासाठी दोन पद्धती आहेत. पहिली लायडारची. फोन न दिसणारे प्रकाशकिरण सोडतो, ते भिंतीवर आपटून परत यायला किती वेळ लागला, त्यावरून अंतर ठरवतो. ॲपलने हा सेन्सर मार्च २०२० मध्ये आयपॅड प्रोमध्ये आणि त्याच वर्षी आयफोन १२ प्रोमध्ये दिला. त्यानंतर तो आयफोनच्या ‘प्रो’ मॉडेलमध्येच मिळतो. त्याचा पल्ला साधारण ५ मीटर.

दुसरी पद्धत फक्त कॅमेऱ्याची. अँड्रॉइड फोनवर गुगलचं ‘एआरकोअर’ हे तंत्र कॅमेऱ्यात दिसणारे ठिपके, कोपरे, डाग ओळखतं. फोन किती सरकला, किती वळला, हे आतल्या सेन्सरकडून घेतं आणि दोन्हींचा मेळ घालून अंतराचा अंदाज बांधतं. म्हणजे हा हिशेबाने काढलेला अंदाज आहे, थेट मोजमाप नाही. आपल्याकडे बहुतेकांच्या हातात हाच फोन असतो. त्यातही काही स्वस्त फोन एआरकोअरच्या यादीत नसतात, तिथे अशी ॲप्स चालतच नाहीत. त्यामुळे यूट्यूबवर आयफोन प्रोचं प्रात्यक्षिक पाहून आपल्या फोनकडून तीच अपेक्षा ठेवली, तर निराशा ठरलेली.

एक जुनी गोष्टही लक्षात ठेवण्यासारखी आहे. अंतर मोजण्यासाठी गुगलचं स्वतःचं ‘मेजर’ नावाचं ॲप होतं. २०२१ मध्ये कंपनीने ते बंद केलं. एवढ्या मोठ्या कंपनीचं ॲप बंद होऊ शकतं, तर घराची मापं एकाच ॲपच्या भरवशावर ठेवणं शहाणपणाचं नाही.

कोणतं ॲप कुणासाठी?

बाजारातल्या ॲप्सचे ढोबळ तीन गट पडतात.

पहिला गट लायडारवाल्या आयफोनचा. ॲपलने २०२२ मध्ये ‘रूमप्लॅन’ हे तंत्र आणलं आणि पॉलीकॅमसारख्या ॲप्सनी ते वापरलं. खोलीभर फोन फिरवला की भिंती, दारं, खिडक्या ओळखून आराखडा समोर येतो. काम झटपट होतं. पण ॲपलनेच त्याच्या मर्यादाही सांगितल्या आहेत : खोली साधारण ३० बाय ३० फुटांपर्यंतची असावी, पुरेसा उजेड असावा आणि एक स्कॅन ५ मिनिटांपेक्षा लांबवू नये. मोठे आरसे, काचा आणि गडद रंगाच्या भिंतींपुढे ते गोंधळतं.

दुसरा गट नकाशा काढून देणाऱ्या सेवांचा. फिनलंडमधलं क्युबिकासा हे त्याचं उदाहरण. अँड्रॉइडवरही चालतं. घरभर फोन घेऊन फिरायचं, चित्रीकरण कंपनीच्या सर्व्हरवर जातं आणि काही वेळाने नीटनेटका नकाशा परत येतो. घर विकायला किंवा भाड्याने द्यायला काढलं असेल, तर जाहिरातीसाठी हे छान आहे. मात्र त्यासाठी इंटरनेट चांगलं हवं.

तिसऱ्या गटात ॲप आकृती काढून देतं आणि माप तुम्ही स्वतः भरता. कॅनडातल्या माँट्रियलमध्ये तयार झालेलं मॅजिकप्लॅन २०११ पासून या क्षेत्रात आहे. कॅमेऱ्याने खोली टिपता येते, बोटाने रेघ ओढून काढता येते, भिंतीवर टॅप करून टेपने घेतलेला आकडा टाकता येतो आणि ब्लूटूथवाल्या लेझर मोजपट्टीचं मापही घेता येतं. मोफत वापरावर मर्यादा आहेत, पण एका घरासाठी सहसा वर्षभराची वर्गणी भरायची वेळ येत नाही.

बीड, केज, गेवराई, माजलगाव, आष्टी असो की अंबाजोगाई, साध्या अँड्रॉइड फोनवर घर मोजणाऱ्याने तिसऱ्या गटातलंच ॲप घ्यावं. हाताने आकडा दुरुस्त करता येत नाही, ते ॲप कितीही देखणं असलं तरी कामाचं नाही.

माळवदाच्या घरात ॲप का अडखळतं?

कारण ही ॲप्स सरळ भिंतींच्या, भरपूर उजेडाच्या, काटकोनी खोल्यांसाठी बनली आहेत. मराठवाड्यातलं जुनं घर तसं नाही. खिडक्या कमी, उजेड छतातल्या सवण्यातून येणाऱ्या कवडशापुरता. भिंतीत देवळ्या, कुठे धान्याचं बळद, मध्ये लाकडी खांब. बळद भिंत म्हणून मोजायचं की कपाट म्हणून, हे ॲपला कळत नाही. उलट नव्या खोलीत पांढऱ्याशुभ्र कोऱ्या भिंतीवर कॅमेऱ्याला पकडायला एकही खूण सापडत नाही.

दुसरी अडचण कोनाची. गावठाणातली घरं गल्लीच्या वळणाने बांधलेली असतात, त्यामुळे खोली क्वचितच गुण्यात असते. अनेक ॲप्स मात्र कोपरा जवळपास ९० अंशांचा दिसला की तो सरळ ९० करून टाकतात. नकाशा सुंदर दिसतो, पण फरशी बसवताना शेवटच्या ओळीला एका टोकाला दोन इंचांचा आणि दुसऱ्या टोकाला पाच इंचांचा तुकडा कापावा लागतो. यावर उपाय गवंड्याला पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे : कर्ण मोजा. १० बाय १२ ची खोली खरोखर काटकोनी असेल, तर दोन्ही कर्ण सारखे आणि सुमारे १५ फूट साडेसात इंच भरतील. फरक पडला, की खोली तिरकी.

तिसरी अडचण साचत जाणाऱ्या चुकीची. एका खोलीतली बारीक चूक दुसऱ्या खोलीत वाढते. ओसरीतून निघून चार खोल्या फिरून पुन्हा ओसरीत आल्यावर नकाशाची सुरुवात आणि शेवट जुळत नाहीत, ते यामुळेच. लांबी-रुंदीत प्रत्येकी २ टक्के जास्त माप आलं, तर क्षेत्रफळ सुमारे ४ टक्क्यांनी फुगतं. १००० चौरस फुटांच्या घरात ही ४० चौरस फूट जादा फरशी झाली.

आतलं माप की बाहेरचं?

खरा पैशाचा प्रश्न इथे आहे आणि त्याबद्दल ॲपची जाहिरात गप्प असते. ॲपला भिंतीची आतली बाजू दिसते, जाडी दिसत नाही. नकाशात दाखवलेली जाडी बहुतेक वेळा ॲपने गृहीत धरलेली असते. गुत्तेदार मात्र चौरस फुटाचा दर लावताना सहसा बाहेरून बाहेर मोजतो.

हिशेब करून पाहा. एकच खोली, आतून १० बाय १२, म्हणजे १२० चौरस फूट. भिंती ९ इंची असतील, तर बाहेरून माप साडेअकरा बाय साडेतेरा, म्हणजे १५५ चौरस फुटांच्या वर. फरक ३५ चौरस फुटांचा. बांधकामाचा दर समजा १,५०० रुपये धरला, तर या फरकाची किंमत ५२ हजारांच्या पुढे जाते. जुन्या माळवदाच्या भिंती दोन फुटी असतील, तर तीच खोली बाहेरून १४ बाय १६ म्हणजे २२४ चौरस फूट होते, जवळजवळ दुप्पट! घरात अनेक खोल्या असतील, तर मधल्या भिंती सामाईक असल्याने फरकाचं प्रमाण कमी होतं, पण संपत नाही.

यात गुत्तेदाराची लबाडीच असते, असं नाही. बाहेरून मोजण्याची रीत आहे आणि भिंतीलाही वीट-सिमेंट लागतंच. पण दर ठरवताना ‘कोणतं माप?’ हे विचारलं गेलं नाही, तर काम संपताना वाद अटळ. फरशी, रंग, छताची सजावट आतल्या मापावर. बांधकाम, स्लॅब बाहेरच्या मापावर. सौद्याच्या चिठ्ठीत हे शब्दांत लिहून घ्यावं. फ्लॅट घेणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट : रेरा कायद्यातल्या कार्पेट क्षेत्रात घरातल्या आतल्या भिंती धरल्या जातात, बाहेरच्या नाहीत. त्यामुळे खोल्यांची बेरीज आणि करारातला आकडा यांत थोडा फरक दिसला, म्हणजे लगेच फसवणूक झाली असं नाही.

हा नकाशा सरकारी कामाला चालतो का?

थेट नाही. ग्रामविकास विभागाने २०२१ मध्ये ग्रामीण भागात ३२०० चौरस फुटांपर्यंतच्या भूखंडावर घर बांधण्याची प्रक्रिया सोपी केली. तरीही मालकीची कागदपत्रं आणि परवानाधारक अभियंत्याने प्रमाणित केलेला नकाशा ग्रामपंचायतीकडे द्यावाच लागतो. नगर परिषदेच्या हद्दीतही ॲपचा नकाशा परवानगीसाठी जोडता येत नाही. मात्र अभियंत्याला सुरुवात करून द्यायला तो उपयोगी पडतो. त्यासाठी ॲपमधून नकाशा डीएक्सएफ फाइलमध्ये निघतो का, हे बघा. पीडीएफ असेल, तर अभियंत्याला तो पुन्हा काढावा लागेल.

जागेच्या हद्दीच्या वादात तर हा नकाशा मुळीच पुढे करू नये. हद्द ठरवण्याचा अधिकार भूमी अभिलेख विभागाचा. स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणं मोजून मिळकत पत्रिका दिल्या जातात. ही योजना २४ एप्रिल २०२० रोजी देशभर जाहीर झाली. त्याआधी पुणे जिल्ह्यातल्या सोनोरी गावात राज्याने हा प्रयोग केला होता. ड्रोनला वरून हद्द आणि छत दिसतं, आतल्या खोल्या दिसत नाहीत. फोनला खोल्या दिसतात, हद्द दिसत नाही. एकाचं काम दुसऱ्याकडून करून घ्यायला गेलं, की भांडण उभं राहतं.

वर्गणी भरण्याआधी ही चाचणी घ्या

* एकच खोली दोनदा स्कॅन करा. दोन आकड्यांत दोन-तीन इंचांपेक्षा जास्त फरक आला, तर त्या फोनवर ते ॲप नको.
* सगळ्यात लांब भिंत टेपने मोजा. टेप मध्ये लोंबू देऊ नका. आकडा ॲपमध्ये हाताने बदलता येतो का, पाहा.
* दोन्ही कर्ण आणि दाराच्या चौकटीत भिंतीची जाडी मोजून वहीत लिहा.
* फूट की मीटर, हे आधी ठरवा. ‘१०.६ फूट’ म्हणजे १० फूट ६ इंच नव्हे, तर १० फूट आणि सुमारे ७ इंच. हा घोटाळा कायम होतो.
* मोफत आवृत्तीत नकाशा फोनमध्ये उतरवता येतो की फक्त बघता येतो, हे तपासा. बऱ्याचदा पैसे इथेच मागतात.
* स्कॅन फोनमध्येच राहतं की कंपनीच्या सर्व्हरवर जातं, ते वाचा. कपाट कुठे, मागचं दार कुठे, हे सगळं त्यात असतं. ऊसतोडीसाठी सहा-सहा महिने घर बंद ठेवणाऱ्यांनी तर असा नकाशा गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नये.

नकाशा घरमालकाकडे हवा

आजवर खेड्यातल्या घराचं माप मिस्तरीच्या डोक्यात, गुत्तेदाराच्या डायरीत किंवा ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मध्ये असायचं. घरमालकाकडे काहीच नसायचं, म्हणून समोरचा सांगेल तो आकडा मान्य करावा लागायचा. मोबाइलने इथे फरक पडतो. अर्ध्या तासात काढलेला, टेपने तपासलेला आणि तारीख टाकलेला साधा नकाशा हातात असेल, तर फरशीच्या दुकानात, गुत्तेदारासमोर आणि कर आकारणीचा आकडा पडताळताना माणूस प्रश्न विचारू शकतो.

त्यासाठी लाखाच्या वरचा फोन लागत नाही, महागडी वर्गणीही लागत नाही. साधं ॲप, लोखंडी टेप आणि टेपचं दुसरं टोक धरायला घरातलं एक माणूस पुरे. आकृती ॲपकडून घ्या, पण आकडा टेपचाच खरा धरा. पुढच्या वेळी मुलाचा फोन आला, तर अण्णांनी ‘दहा-बारा’ सांगू नये. ‘दहा फूट चार इंच बाय अकरा फूट नऊ इंच, आतून’ असं सांगावं. त्यातला ‘आतून’ हा शब्द सगळ्यात महत्त्वाचा.