दोर कोणाच्या हातात?

उन्हाळा आला की आपल्या जालना जिल्ह्यात दोन कामं हमखास निघतात. विहिरीतला गाळ काढणं आणि पावसाळ्याआधी संडासाची टाकी उपसून घेणं. ही पुरुषांची कामं, असं म्हणून आपण बायका वरच्यावर चहा देऊन मोकळ्या होतो. पण मैत्रिणींनो, आत गेलेला माणूस वर आला नाही, तर पुढचा सगळा संसार ओढायचा असतो तो बाईलाच. म्हणून आज हा विषय या पानावर.

शेजारच्या परभणी जिल्ह्यात, सोनपेठ तालुक्यातल्या भाऊच्या तांड्यावर ११ मे २०२३ रोजी टाकी साफ करताना पाच जण गेले. त्यातले बरेचसे एकाच नात्यातले. नेवासा तालुक्यातल्या वाकडी गावात ९ एप्रिल २०२४ रोजी शेणकाल्याच्या जुन्या विहिरीत मांजर पडलं. ते काढायला एक जण उतरला, त्याला काढायला दुसरा, मग तिसरा. सहा जण उतरले, पाच दगावले. जो वाचला, त्याच्या कमरेला दोर बांधलेला होता.

हे का होतं? साध्या हवेत साधारण २१ टक्के प्राणवायू असतो. बंद टाकीत, पडीक विहिरीत तो कमी होतो आणि कुजणाऱ्या घाणीतून विषारी वायू साठतात. त्यातल्या एकाला सडक्या अंड्यासारखा वास येतो. पण तो फार वाढला की नाकाची वास घेण्याची शक्तीच जाते. म्हणजे 'आता वास येत नाही, उतर खुशाल' हे म्हणणं जिवावर बेतू शकतं. आपल्याकडे कंदील सोडून पाहायची जुनी रीत आहे. तीही पुरेशी नाही. विषारी वायू असूनही कंदील जळत राहू शकतो आणि टाकीतल्या मिथेनला ठिणगी मिळाली तर स्फोट होतो. विहिरीत डिझेल इंजिन उतरवून पाणी उपसणंही तसंच घातक, कारण त्याचा धूर खालीच कोंडतो.

अमेरिकेतल्या एका सरकारी संस्थेनं १९८६ मध्ये सांगितलं होतं, की अशा बंदिस्त जागी मरणाऱ्यांत ६० टक्क्यांहून जास्त लोक हे वाचवायला गेलेले असतात. भाऊ पडला की भाऊ उडी मारणारच, ही माया झाली. पण अशा वेळी मायेला शिकवणीची जोड लागते. म्हणून प्रशिक्षण फक्त आत उतरणाऱ्याला देऊन भागत नाही, वर उभ्या राहणाऱ्यालाही द्यावं लागतं. आधी यंत्रानं हवा तपासायची, पंख्यानं ताजी हवा सोडायची, पट्टा आणि दोर बांधूनच माणूस सोडायचा, सतत त्याच्याशी बोलत राहायचं. आवाज बंद झाला की दोरानं ओढायचं, १०१ किंवा ११२ ला फोन करायचा आणि काही झालं तरी स्वतः उतरायचं नाही. हे शेवटचंच सगळ्यात अवघड, आणि ते सरावाशिवाय जमत नाही.

यात नवं काही नाही. तपासणीचा लेखी दाखला किंवा श्वासाचं साधन, पट्टा आणि बाहेरच्याच्या हातात दोर, हे १९४८ च्या कारखाना कायद्याच्या ३६ व्या कलमातच लिहिलेलं होतं. पण कारखान्याचा नियम आपल्या घरामागच्या टाकीपर्यंत पोहोचला नाही. घरासाठी २०१३ चा कायदा आहे. सुरक्षा साधनांशिवाय कुणालाही टाकीत उतरवणं हा गुन्हा आहे. पहिल्याच वेळी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. यातून घरमालकही सुटत नाही. 'गाडीवाला जास्त मागतो, दोन माणसं स्वस्तात करतात' हा हिशेब आपल्याच ओसरीवर होतो ना? आणि ती दोन माणसं नेहमी त्याच वस्तीतून का येतात, हेही एकदा स्वतःला विचारायला हवं.

मुंबईत गोवंडीला २०१९ मध्ये सोसायटीच्या टाकीत तीन कामगार गेले. त्यांच्या बायका उच्च न्यायालयात गेल्या आणि २०२१ मध्ये प्रत्येकीला दहा लाखांची भरपाई देण्याचा आदेश मिळाला. ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं गटार-टाकीतल्या मृत्यूची ही रक्कम तीस लाख केली. त्या तिघींनी हिंमत दाखवली, पण कोर्टाची पायरी चढायची वेळच कुणावर का यावी?

केंद्राची 'नमस्ते' योजना २०२३ पासून आहे. तिच्यात सफाई कामगारांची नोंदणी, प्रशिक्षण, सुरक्षा साधनं आहेत. जालना महानगरपालिकेनं, अंबड, परतूर, भोकरदनच्या नगरपरिषदांनी, मंठा, बदनापूरच्या नगरपंचायतींनी उन्हाळ्याआधी हे प्रशिक्षण घ्यावं. खाजगी गाडीवाले, विहिरीचे मजूर आणि बचत गटाच्या बायका यांनाही त्यात बसवावं. टाकी उपसताना घरी बहुतेक वेळा आपणच असतो, मग दोराचं तंत्र आपल्याला का नको?

तोवर एवढं करू या. टाकी उपसायची तर पाइपवाली गाडीच बोलवायची. गाडीची सोय माहीत नसेल तर १४४२० या मदत क्रमांकावर विचारायचं. कुणी आत उतरायला लागलं तर झाकण लावून घ्यायचं आणि सरळ नाही म्हणायचं. आणि येत्या ग्रामसभेत, वॉर्डाच्या बैठकीत एक प्रश्न लेखी द्यायचा: आपल्या गावात हवा तपासायचं यंत्र आहे का, आणि ते वापरता कुणाला येतं?