नसते उद्योग आणि विज्ञानाची सवय

गृहस्थाच्या छंदाला आपल्या भाषेत जी नावे आहेत, ती फारशी गौरवाची नाहीत. कोणी कुंडीतील माती उकरीत तासभर बसला, जुने घड्याळ उघडून त्याची चाके ओळीने मांडू लागला, किंवा मुंग्यांची रांग कोठे जाते हे पाहत अंगणात वाकून फिरू लागला, की घरची माणसे त्याला ‘नसते उद्योग’ म्हणतात आणि शेजारी ‘रिकामटेकडेपणा’ म्हणून हसतात. हसण्यात वाईट काही नाही. परंतु अशा उद्योगांची हेटाळणी करून आपण आपल्या मुलांचे नुकसान करतो, असे प्रस्तुत लेखकाचे स्पष्ट मत आहे. विज्ञानातील माहिती मुलाला पाठ्यपुस्तकातून मिळते. विज्ञानाची सवय मात्र त्याला मोठ्या माणसांकडे पाहून लागते, आणि ही सवय लावण्याच्या कामी घरातील वडिलांचा एखादा हलकाफुलका छंद फार मोलाचा असतो.

या मताच्या पुष्ट्यर्थ एका प्रसिद्ध पित्याचे उदाहरण घेऊ. चार्ल्स डार्विन (१८०९–१८८२) हे नाव उच्चारताच आपल्या डोळ्यांपुढे जगप्रवास करून आलेला, उत्क्रांतीचा सिद्धान्त मांडणारा धीरगंभीर पंडित उभा राहतो. परंतु १८४२ नंतर डार्विनचे आयुष्य गेले ते लंडनजवळच्या केंट परगण्यातील डाउन या खेड्यात, मुलाबाळांनी गजबजलेल्या एका घरात. विद्यापीठाची प्रयोगशाळा त्याच्या दिमतीस नव्हती. त्याची प्रयोगशाळा म्हणजे घराचे तळघर, बाग, कुंड्या आणि न्याहारीचे पेले. आपल्या काही खटाटोपांना तो स्वतःच ‘मूर्खाचे प्रयोग’ म्हणत असे, आणि ते करण्यात त्याला मोठी मौज वाटत असे.

१८५५ साली त्याने निरनिराळ्या वनस्पतींचे बी मिठाच्या पाण्यात भिजत घातले. दूरच्या बेटांवर वनस्पती पोहोचल्या कशा, हा त्याच्यापुढील प्रश्न होता. समुद्रात पडलेले बी मरून जाते, असाच तेव्हा बहुतेकांचा समज होता, आणि त्याचा वनस्पतिशास्त्रज्ञ मित्र जोसेफ हूकर याचीही अपेक्षा तशीच होती. घरातील मुलांना या शर्यतीची इतकी गोडी लागली, की आपले वडील डॉक्टर हूकरवर मात करणार की नाही, हे ती पुनःपुन्हा विचारू लागली. डार्विनने ८७ जातींचे बी तपासले. त्यांपैकी ६४ जातींचे बी २८ दिवस पाण्यात राहूनही रुजले, आणि काही थोड्या जातींचे तर १३७ दिवसांनंतरही जिवंत निघाले. वडील जिंकले, असे मुलांनी म्हणावे अशीच ही हकीकत होती. परंतु तेवढ्यात एक अडचण ध्यानात आली. जिवंत राहणारे बी पाण्यात तरंगत नव्हते; ते बुडत होते. बुडालेले बी बेटावर जाणार कसे? तेव्हा डार्विनने पिकल्या फळांसह ९४ वनस्पतींच्या फांद्या वाळवून पाण्यावर सोडल्या. बहुतेक लवकरच बुडाल्या, तरी १८ वनस्पती २८ दिवसांहून अधिक काळ तरंगत राहिल्या. अटलांटिक महासागरातील प्रवाहांच्या सरासरी वेगाचा हिशेब घालून, काही वनस्पतींचे बी ९२४ मैल, म्हणजे सुमारे १,४८७ किलोमीटर प्रवास करूनही रुजू शकेल, असे अनुमान त्याने काढले.

याच प्रश्नाचा दुसरा धागा त्याने एका तळ्याच्या काठी पकडला. पाणपक्ष्यांच्या पायांना चिखल लागतो. त्या चिखलात बी असेल काय? त्याने तळ्याच्या काठचा थोडासा चिखल आणला. वाळल्यावर त्याचे वजन पावणेसात औंस, म्हणजे १९० ग्रॅमच्या आसपास भरले. तो त्याने अभ्यासिकेत सहा महिने झाकून ठेवला आणि जे रोप उगवेल ते उपटून मोजीत गेला. न्याहारीच्या एका पेल्यात मावणाऱ्या त्या चिखलातून ५३७ रोपे निघाली. या प्रयोगास लागले काय? एक पेला, थोडे पाणी, आणि प्रत्येक रोप मोजण्याची चिकाटी.

आता गांडुळांची गोष्ट. डार्विनने गांडुळांविषयीचा आपला पहिला निबंध १८३७ साली वाचला आणि त्यांच्यावरील ग्रंथ १८८१ साली, मृत्यूच्या आदल्या वर्षी प्रसिद्ध केला. चव्वेचाळीस वर्षे टिकलेला हा छंद होता. गांडुळांना ऐकू येते काय, हे पाहण्यासाठी त्यांच्या कुंड्यांजवळ धातूची शिटी फुंकण्यात आली, मुलगा फ्रान्सिस याने बासून नावाचे मोठे सुषिर वाद्य वाजविले, पत्नी एमा हिने पियानो वाजविला. गांडुळे ढिम्म राहिली. मग कुंड्या खुद्द पियानोवर ठेवल्या आणि एक खर्जाचा स्वर काढला. तत्क्षणी गांडुळे बिळात शिरली! हवेतून येणारा नाद त्यांना कळत नाही, परंतु घन पदार्थातून येणारे कंपन कळते, असा निष्कर्ष त्यावरून निघाला. हा प्रसंग वाचताना हसू येते. पण दोन शक्यता एकमेकींपासून वेगळ्या काढण्याची जी युक्ती येथे दिसते, तिच्यात कोणत्याही मोठ्या प्रयोगशाळेला उणे काढता येणार नाही.

गांडुळे बिळाच्या तोंडाशी पाने ओढून नेतात. ती पाने कोणत्या टोकाकडून धरतात? डार्विनने निरनिराळ्या वनस्पतींची २२७ पाने बिळांतून बाहेर काढून पाहिली. १८१ पाने टोकाकडून, २० देठाकडून आणि २६ मधोमध धरून ओढलेली होती. टोकाकडून ओढलेले पान अरुंद बिळात सहज शिरते. म्हणजे ही ओढाताण आंधळी नव्हती. शिवाय १८४२ साली त्याने घराजवळच्या एका शेतावर खडूचे तुकडे पसरविले होते. १८७१ साली तेथे चर खणला, तेव्हा गांडुळांनी वर आणून टाकलेल्या मातीखाली, सात इंच खोलीवर खडूची पांढरी रेघ सापडली. उत्तरासाठी २९ वर्षे थांबणारा हा गृहस्थ रिकामटेकडा होता, असे म्हणण्यास कोण धजेल?

या सर्व खटाटोपांत मुले प्रेक्षक नव्हती. केसाळ मोठ्या मधमाश्यांचे नर ठराविक वाटेने उडतात असे वाटल्यावरून, डार्विनने आपल्या मुलांना बागेत जागोजागी उभे केले. माशी आली की त्या मुलाने ओरडून वर्दी द्यावयाची. पुढे जॉर्ज हा खगोलगणिती, फ्रान्सिस हा वनस्पतिशास्त्रज्ञ आणि होरेस हा शास्त्रीय उपकरणे बनविणारा अभियंता झाला. तिघेही रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. याचे सर्व श्रेय गांडुळांना देणे भाबडेपणाचे होईल. घराण्यातील सुबत्ता आणि उत्तम शिक्षण यांचा वाटा त्यात होताच. परंतु आपले वडील एखादी गोष्ट ठाऊक नाही म्हणून ती पाहावयास बसतात, हे दृश्य त्या मुलांनी रोज पाहिले होते, हेही विसरता येणार नाही.

येथेच माझ्या मताचा मुख्य मुद्दा आहे. आपल्याकडे वडील हे घरातील प्रमाण असतात. मुलाच्या प्रश्नाला त्यांनी उत्तर दिले पाहिजे, आणि ते देता आले नाही तर मुलाने प्रश्न विचारता कामा नये, अशी अलिखित रीत पुष्कळ घरांत आढळते. ज्याला नेहमी बरोबरच असावे लागते, त्याला प्रयोग करता येत नाही; कारण प्रयोगात चुकण्याची तयारी लागते. छंदाच्या हलकेपणाचे महत्त्व यासाठीच आहे. गांडुळापुढे वाद्य वाजविणारा पिता आपल्या प्रतिष्ठेचे ओझे खाली ठेवतो. बी बुडाले तर तो मुलांबरोबर हसतो आणि दुसरा उपाय शोधतो. त्या घटकेपुरता तो मुलांच्या शेजारी बसलेला विद्यार्थी होतो.

मोठ्यांच्या शब्दापेक्षा वस्तूची साक्ष मोठी, हा धडा याहूनही जुन्या एका पित्याने दिला आहे. गॅलिलिओचे वडील व्हिन्चेन्झो गॅलिली हे ल्यूट नावाचे तंतुवाद्य वाजवीत आणि संगीतशास्त्रावर लिहीत. तारेला टांगलेले वजन दुप्पट केले, की वरच्या सप्तकातील तोच स्वर मिळतो, असे पायथागोरसच्या नावावर शतकानुशतके सांगितले जात होते. व्हिन्चेन्झोने तारांना वजने टांगून पाहिली आणि त्यासाठी वजन दुप्पट नव्हे, तर चौपट करावे लागते, हे १८५५ सालच्या २६६ वर्षे आधी, म्हणजे १५८९ साली प्रसिद्ध केले. ही वजने टांगताना तरुण गॅलिलिओ जवळ असावा, असा काही इतिहासकारांचा तर्क आहे. तो खरा असो वा नसो, ज्या घरात परंपरेचे वचन वजन टांगून तपासले गेले, त्याच घरातून गॅलिलिओ बाहेर पडला.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. डार्विन श्रीमंत होता. त्याला नोकरी करावी लागत नव्हती, आणि घर एमा व नोकरचाकर चालवीत होते. दिवसभर राबून आलेल्या माणसाने छंद कोठून करावा? आणि घरातील स्त्रीला तर विसाव्याची घटकाही नसते. मग तिच्या निरीक्षणाचे काय? याचे उत्तर आग्नेस पॉकल्स (१८६२–१९३५) या जर्मन स्त्रीच्या चरित्रात आहे. तिला विद्यापीठात जाता आले नाही; आजारी आईवडिलांची शुश्रूषा आणि घरकाम हेच तिचे जीवन होते. त्या घरकामातच पाण्याच्या पृष्ठभागावर स्निग्ध पदार्थांचा काय परिणाम होतो, हे तिने पाहिले. एक उथळ पात्र, पत्र्याची पट्टी आणि लहानसा तराजू यांच्या साहाय्याने तिने पृष्ठताण मोजला. १८९१ साली तिने लॉर्ड रॅले यांना पत्र लिहिले, आणि त्यांनी त्याचे भाषांतर ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध करविले. पुढे अर्व्हिंग लँगम्यूर यांना पृष्ठभागांच्या रसायनशास्त्रासाठी १९३२ साली नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांनी वापरलेल्या साधनाची पूर्वपीठिका पॉकल्सच्या त्या पात्रात होती.

यावरून दोन गोष्टी ठरतात. पहिली ही, की पैशाची उणीव हा मोठा अडथळा नाही. दुसरी अशी, की पुरुष पाहतो तो छंद आणि स्त्री पाहते ते निव्वळ काम, हा भेद आपण टाकून दिला पाहिजे. आईच्या श्रमांवर वडिलांचा छंद पोसला जात असेल, तर मुले विज्ञानाबरोबर अन्यायही शिकतील. ज्याला घरात प्रयोगाची मांडामांड करावयाची आहे, त्याने पसारा स्वतः आवरावा आणि घरातील स्त्रीलाही पाहण्यास, विचारण्यास वेळ मिळेल अशी कामाची वाटणी करावी.

मात्र प्रत्येक चाळा हा प्रयोग नव्हे. प्रश्न नेमका हवा. उत्तर मोजून घ्यावे. आणि जे आढळले ते, मनाविरुद्ध असले तरी, तारखेसह वहीत लिहावे. एवढे पथ्य पाळले, की छंदाला शास्त्राचे रूप येते. वीज, आग आणि रसायने यांच्या खेळापासून मात्र दूर राहावे. निरीक्षणासाठी निरुपद्रवी विषय काही कमी नाहीत. उन्हाळ्यात आटलेल्या तळ्याकाठचा पेलाभर चिखल आणून तो ओलसर ठेवावा आणि उगवतील ती रोपे मोजावीत. पावसाळ्यात आपल्या अंगणातील गांडुळे पाने ओढतात काय, ओढत असल्यास कोणत्या टोकाकडून, हे मुलांनी वडिलांसह पाहावे. शाळेच्या प्रदर्शनासाठी बाजारातून विकत आणलेल्या तयार नमुन्यापेक्षा अशा निरीक्षणांची चार पानी वही शिक्षकांनी अधिक मोलाची मानावी, आणि ग्रंथालयांनी अशा वह्यांसाठी एक फळी राखून ठेवावी.

आपल्या राज्यघटनेत १९७६ च्या दुरुस्तीने वैज्ञानिक दृष्टी व शोधक बुद्धी वाढविणे हे प्रत्येक नागरिकाचे कर्तव्य ठरविले. २००२ च्या दुरुस्तीने सहा ते चौदा वर्षांच्या पाल्याला शिक्षणाची संधी देणे हे आईवडिलांचे कर्तव्य ठरविले. ही दोन कर्तव्ये घरच्या ओसरीवर एकत्र पार पाडता येतात. त्यासाठी आठवड्यातून एक तास, एक वही आणि ‘मला ठाऊक नाही, चला पाहू या’ हे वाक्य मुलांसमोर उच्चारण्याचा मनमोकळेपणा पुरेसा आहे. हे वाक्य ज्या घरात वारंवार ऐकू येईल, तेथील मुलांना पुढे शास्त्रज्ञ व्हावयाचे असो वा नसो, केवळ कोणी सांगितले म्हणून कोणतीही गोष्ट खरी मानण्याची सवय त्यांना लागणार नाही.