एक क्रमांक, एक तारीख

२६ सप्टेंबर २०२५ रोजी मिग-२१ भारतीय हवाई दलातून निवृत्त झाले. १९६३ मध्ये २८ क्रमांकाच्या स्क्वाड्रनने जिथे ते पहिल्यांदा ताब्यात घेतले, त्या चंडीगडलाच त्याला निरोप दिला गेला. तेव्हापासून आमच्याकडे येणाऱ्या वाचकांच्या मॉडेलांच्या छायाचित्रांत हे एकच विमान पुन्हा पुन्हा दिसते आहे. कुणी वर्षानुवर्षे माळ्यावर पडलेली पेटी उघडली, कुणी या निमित्ताने पहिल्यांदाच निप्पर हातात घेतला. आपल्या हवाई दलात साडेआठशेहून अधिक मिग-२१ आली आणि त्यांतली बहुसंख्य हिंदुस्तान एरोनॉटिक्सने आपल्या ओझरला बांधली. नाशिक जिल्ह्यातल्या कित्येक घरांत या विमानाने चूल पेटवली आहे. त्याच्यावर आपल्या वाचकांचा जीव असावा, यात नवल नाही.

तरीही या छायाचित्रांकडे पाहताना एक गोष्ट खटकत राहते, आणि ती मोकळेपणाने सांगणे हे संपादक म्हणून माझे कामच आहे. जोड बेमालूम आहेत, एअरब्रशचा हात सफाईदार आहे, डेकलखाली हवेचा एक बुडबुडाही नाही. पण समोर उभे असलेले विमान कोणाचेच नाही. शेपटीवर क्रमांक १९७१ च्या एफएलचा, कॅनपी नंतरच्या प्रकाराची, पंखांखाली बायसनची क्षेपणास्त्रे आणि रंग निवृत्तीच्या वर्षातला. असे विमान कोणत्याही धावपट्टीवर, कोणत्याही दिवशी उभे नव्हते.

म्हणून या अंकात एकच आग्रह धरतो आहे. पेटीतला पहिला भाग स्प्रूवरून कापण्याआधी कागदावर दोन गोष्टी लिहा: शेपटीचा क्रमांक आणि तारीख. 'मिग-२१' बांधू नका. एका विशिष्ट दिवशी, विशिष्ट तळावर उभे असलेले एक विशिष्ट मिग-२१ बांधा.

हे मी स्वतःच्या चुकीतून शिकलो. पंचवीसेक वर्षांपूर्वी नाशिकच्या एका छोट्या प्रदर्शनात मी १/४८ मधले मिग-२१ एफएल ठेवले होते. आठ महिने खपून केलेले काम होते. उघड्या धातूची झळाळी मनासारखी जमली होती आणि शेपटीवर एका खऱ्या विमानाचा क्रमांक होता. एक वृद्ध गृहस्थ हात मागे बांधून बराच वेळ ते पाहत उभे होते. ओझरच्या कारखान्यातून निवृत्त झालेले फिटर होते.

"काम सुरेख केलंय तुम्ही," ते म्हणाले. "पण हे आमच्याकडचं नाही."

"का हो काका?"

"आमच्या ७७ ची कॅनपी समोरच्या काचेसकट पुढं उचलली जायची. ही तर बाजूला उघडतेय."

त्यांनी 'एफएल' म्हटले नाही, 'आमचं ७७' म्हटले. कारखान्यात त्या प्रकाराचे तेच नाव होते. मी पेटीवरच्या चित्रावर विसंबलो होतो. ज्या विमानाचा क्रमांक मी शेपटीवर चिकटवला, ते कदाचित याच माणसाच्या हाताखालून गेले असेल, आणि मी त्याला दुसऱ्याचाच चेहरा लावला होता. त्या दिवसापासून क्रमांक आणि तारीख ठरल्याशिवाय मी किटला हात लावलेला नाही.

क्रमांक ठरला की प्रकार ठरतो आणि प्रकार ठरला की अर्धे प्रश्न सुटतात. आपल्याकडे ७७ म्हणजे एफएल, ९६ म्हणजे एम आणि ७५ म्हणजे बिस. एफएलची कॅनपी एकसंध, पुढच्या बाजूला बिजागरी असलेली. पाठीवरचा कणा बारीक, पंखांखाली दोनच पायलन आणि धडात तोफ नाही. एमवर पायलन चार झाले, पोटात दुनळी २३ मिलिमीटरची तोफ आली आणि कॅनपी वैमानिकाच्या उजवीकडे उघडू लागली. बिसचा कणा आणखी भरदार झाला. त्याच बिसचे आधुनिकीकरण होऊन बायसन झाले, तेव्हा समोरची चौकटीची काच जाऊन एकसंध काच आली आणि क्रमांकाआधी 'सीयू' ही अक्षरे आली. झेक प्रजासत्ताकातल्या एडुआर्डने २०११ मध्ये १/४८ प्रमाणात एमएफ आणले आणि पुढे त्याच मालिकेत पीएफएम आणि बिसही दिले. ही किट उत्तम आहेत. पण त्यांतले पीएफएम घेऊन, डेकल बदलून एफएल होत नाही. कॅनपीपाशीच अडते.

प्रकारानंतर तारखेकडे वळू. पंखांखाली काय लटकवायचे, हा निर्णय आवडीचा नसून तारखेचा आहे. १२ डिसेंबर १९७१ रोजी कच्छच्या आखातावर ४७ क्रमांकाच्या स्क्वाड्रनच्या फ्लाइट लेफ्टनंट भारतभूषण सोनी यांनी एफएलमधून पाकिस्तानचे एफ-१०४ स्टारफायटर तोफेने पाडले. एफएलच्या धडात तोफ नव्हती, ती पोटाखाली लावलेल्या जीपी-९ या डब्यात होती. आता विचार करा. तो डबा मधल्या पायलनवर असेल, तर तिथे इंधनाची टाकी असूच शकत नाही. दोन्ही लावलेली मॉडेले मी पाहिली आहेत.

दोनच दिवसांनी, १४ डिसेंबरला, विंग कमांडर बिश्नोई यांच्या नेतृत्वाखाली २८ क्रमांकाच्या स्क्वाड्रनची चार एफएल गुवाहाटीहून ढाक्याच्या गव्हर्नमेंट हाउसवर गेली. प्रत्येकाच्या दोन्ही पंखांखाली सोळा-सोळा रॉकेटांचे डबे होते. एका विमानाची ५७ मिलिमीटरची बत्तीस, चौघांची मिळून एकशे अठ्ठावीस रॉकेटे. त्याच दिवशी गव्हर्नर मलिक यांनी राजीनामा दिला. हे विमान करायचे असेल, तर पंखांखाली हवेतून हवेत मारा करणारी के-१३ क्षेपणास्त्रे लावायला जागाच उरत नाही, कारण एफएलला पायलन दोनच. प्रकार तोच, युद्ध तेच, अंतर दोन दिवसांचे, आणि मॉडेले दोन निराळी. तारीख न ठरवता केलेल्या मॉडेलात नेमका हाच अर्थ हरवतो.

रंगही तारखेनेच ठरतो. एफएल आली तेव्हा उघड्या धातूचीच होती. १९७१ मध्ये युद्धाची चाहूल लागल्यावर त्यांच्यावर घाईघाईने छद्मरंग चढवले गेले, आणि प्रत्येक स्क्वाड्रनचा नमुना निराळा झाला. म्हणजे मॉडेलवरही आधी धातू यायला हवा आणि मग त्याच्यावर रंग. ज्यांना हे जमवायचे आहे त्यांच्यासाठी जुनी पण खात्रीची पद्धत सांगतो. आधी २००० नंबरच्या कागदापर्यंत घासून घ्या, कारण धातूरंग एकही ओरखडा लपवत नाही. मग चकचकीत काळा थर, त्यावर अल्क्लाडसारखा लॅकर धातूरंग. तो पूर्ण वाळला की हेअरस्प्रेचा पातळ हात द्या आणि वर ॲक्रिलिक छद्मरंग. अर्ध्या तासाने ओल्या ब्रशने पंखांच्या पुढच्या कडा आणि वैमानिक पाय ठेवतो त्या जागा हलकेच चोळा. खालचा धातू उघडा पडतो. हात मात्र आवरा. युद्ध डिसेंबरातले, रंग त्याच वर्षीचा. वीस वर्षे उन्हात उभ्या असलेल्या विमानासारखी झीज त्याच्यावर शोभणार नाही.

आपल्या हवेचेही भान हवे. मुंबई, कोकण आणि गोव्यातल्या वाचकांना हे ठाऊक आहे की पावसाळ्यात लॅकर मारला, की त्यावर दुधाळ साय धरते. ओलावा कॉम्प्रेसरच्या नळीतूनही येतो, म्हणून मॉइश्चर ट्रॅप हवाच. पण खरा उपाय वेळापत्रकाचा आहे. आषाढ-श्रावणात कापणे, जोडणे, पुटी भरणे, घासणे उरकून घ्यावे. रंगाची बाटली दसऱ्यानंतर उघडावी. डेकलचे कागद पावसाळाभर सिलिका जेलसह हवाबंद डब्यात ठेवावेत.

हा नियम मिग-२१ पुरता नाही. १४ डिसेंबर १९७१ लाच श्रीनगरवर फ्लाइंग ऑफिसर निर्मलजितसिंग सेखों १८ क्रमांकाच्या स्क्वाड्रनच्या एकट्या नॅटमधून सहा सेबर विमानांशी लढले. हवाई दलाचे एकमेव परमवीर चक्र त्यांचे. त्यांचे विमान करावे असे अनेकांना वाटते आणि ते दुकानातून सहज मिळणारी एअरफिक्सची पेटी आणतात. एअरफिक्सचे नॅट प्रशिक्षणाचे, दोन आसनांचे आहे. १/७२ मध्ये ते सुमारे १३४ मिलिमीटर लांब भरते, तर सेखों यांचे एकआसनी नॅट १२१ मिलिमीटर. पंख आणि शेपटीही वेगळी. सव्वा सेंटिमीटर घासून कमी होत नाही. त्यासाठी स्पेशल हॉबीचे एकआसनी नॅटच घ्यायला हवे. तसेच ब्रह्मदेशच्या आघाडीवरच्या भारतीय स्पिटफायरचे. तिथे जपानी विमानांच्या लाल वर्तुळाशी गफलत होऊ नये म्हणून राउंडेलमधला लाल रंग काढून टाकलेला होता. युरोपातल्या स्पिटफायरचे लाल-पांढरे-निळे डेकल लावून ते विमान इम्फाळला नेता येत नाही.

मग पुरावा शोधायचा कुठे? गोव्यात बोगमाळोजवळच्या नौदल विमानन संग्रहालयात सी हॉक उभे आहे. त्याच्याजवळ जाऊन पाहा, पण काय पाहायचे ते ठरवून जा. चाकांच्या खोबणी, दारांची जाडी, पायलनचा आकार, पंख घडी होतात ते सांधे, इंजिनाची दोन्ही बाजूंना फाकलेली तोंडे, या सगळ्यांसाठी प्रत्यक्ष विमानाइतका चांगला गुरू नाही. रंगासाठी मात्र त्याच्यावर विसंबू नये. समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यात उभे असलेले विमान जपायचे तर वेळोवेळी रंगवावेच लागते, आणि शेवटचा थर देणाऱ्याने हाताशी असलेली छटा वापरलेली असू शकते. उभे राहण्याची ढबही तपासून घ्या. वर्षानुवर्षे हलवले नाही की पायांचे दट्टे खचतात आणि टायर बसतात. रंगासाठी त्या काळातले छायाचित्र हवे, आणि तेही जपून वाचायला हवे. कृष्णधवल छायाचित्रात राउंडेलचा केशरी आणि हिरवा दोन्ही करडेच दिसतात. बाहेरचे कडे केशरी आणि मध्य हिरवा, हे डोक्यात पक्के असेल तरच उलटे लावलेले डेकल डोळ्यांना बोचते.

यावर एक आक्षेप येतो आणि तो मी हलका मानत नाही. दिवसभराच्या कामानंतर माणूस दोन तास टेबलाशी बसतो तो मन निवावे म्हणून. त्याला कशाला परीक्षेला बसवता? खरे आहे. मुलाने पहिले विमान जोडले आणि त्याला लाल रंग फासला, तर त्याची पाठच थोपटावी. प्रमाणाच्या बाबतीतही आपण सगळेच सवलत घेतो. १/७२ वर कोरलेली ०.२ मिलिमीटरची पॅनेल लाइन म्हणजे खऱ्या विमानावर १४ मिलिमीटरची फट. तशी फट घेऊन कोणतेही लढाऊ विमान उडत नाही, तरी डोळ्याला रेघ दिसावी म्हणून आपण ती कोरतो, वॉशने उठावदारही करतो. मग माझे म्हणणे एवढेच, की ज्या चिकाटीने आपण ती रेघ कोरतो तिचा दहावा हिस्सा क्रमांक आणि तारखेवर खर्च करावा. अनुभव असा आहे की आनंद त्याने वाढतो. आपण कोणाचे विमान करतो आहोत हे कळले, की मग कॉकपिटमधल्या इवल्याशा आसनाला पट्टे लावताना हात आपोआप सावकाश चालतो.

पुढच्या अंकापासून या मासिकात वाचकांच्या मॉडेलाचे छायाचित्र एका चौकटीसह छापले जाईल. चौकटीत पाच ओळी असतील: प्रकार, क्रमांक, स्क्वाड्रन, स्थळ आणि तारीख, पुरावा. पुराव्याच्या ओळीत जिथे तर्क केला असेल तिथे 'अंदाज' असा शब्द स्वच्छ लिहावा. अंदाज लिहिल्याने मॉडेलची किंमत कमी होत नाही. उलट तो वाचून कुणाकडे खरे उत्तर असेल तर ते पुढे येते.

आणि ते उत्तर अनेकदा घरांतच असते. ओझर, लोहगाव, देवळाली या भागांत राहणाऱ्या वाचकांना माझी विनंती आहे. आपल्या आळीत, नात्यात हवाई दलातून किंवा कारखान्यातून निवृत्त झालेली माणसे आहेत. त्यांच्या कपाटातल्या अल्बमांत साठ-सत्तरच्या दशकातली छायाचित्रे आहेत आणि मागच्या बाजूला पेन्सिलीने लिहिलेली तारीख आहे. त्यांची परवानगी घेऊन ती किमान ६०० डीपीआयवर स्कॅन करा, मागची बाजूही स्कॅन करा. आज चालू असलेल्या तळांची किंवा सेवेतल्या विमानांची छायाचित्रे कृपया पाठवू नका, आम्ही ती छापणार नाही. जमलेच तर त्या माणसाशेजारी तासभर बसा, आपले अर्धवट जोडलेले धड त्यांच्या हातात द्या आणि काय चुकले ते विचारा.

मला चूक दाखवणारे ते काका पुन्हा भेटले नाहीत. त्या मॉडेलची कॅनपी मी नंतर काढली, पुढून उचलली जाणारी नवी तापवून घडवली आणि बसवली. त्याच्या चौकटीतली पुराव्याची ओळ अजून कोरी आहे. पुढच्या अंकात मी तिथे लिहिणार आहे: ओझरच्या एका फिटरने सांगितले.