दीड हजार पाने कोणी वाचायची?

कॅनडातील टोरांटो शहरात ओन्टारिओ सरोवराच्या काठी ‘कीसाइड’ नावाची १२ एकर जागा आहे. २०१७ साली गूगलची भगिनी-कंपनी साइडवॉक लॅब्ज तेथे नव्या तंत्राची वस्ती उभारायला पुढे आली. उंच लाकडी इमारती, बर्फ वितळविणारे तापते पदपथ, जमिनीखालून सामान वाहणारे यंत्रमानव आणि जागोजागी माणसांच्या हालचाली टिपणारी यंत्रे!

लोकांचे मत घ्यायला सभा झाल्या, हे खरे. पण जून २०१९ मध्ये आराखडा आला तो दीड हजारांहून अधिक पानांचा, आणि त्यात १२ एकरांचे १९० एकर झालेले!

मित्रहो, आमच्या घरात कॉलेजात आलेली मी पहिलीच. सरकारी कागद आला की अण्णा तो माझ्यापुढे धरतात व विचारतात, “यात आपलं काय जातंय?” मला कधी सांगता येते, कधी नाही. त्या काठावरच्या लोकांनीही हेच विचारले : आमच्या हालचालींची माहिती कोणाच्या ताब्यात जाणार? कंपनीच्याच सल्लागार अ‍ॅन कॅव्हूकियन यांनी याच प्रश्नावर २०१८ मध्ये राजीनामा दिला होता. बाकड्याचा रंग विचारायचा आणि हा प्रश्न टाळायचा, याला लोकमत घेणे कसे म्हणावे?

ओरड वाढली, तेव्हा ऑक्टोबर २०१९ मध्ये वॉटरफ्रंट टोरांटो या सार्वजनिक संस्थेने कंपनीला पुन्हा १२ एकरांवर आणले. मे २०२० मध्ये कंपनी निघून गेली. कारण दिले आर्थिक अनिश्चिततेचे. लोकांच्या प्रश्नांचे नव्हे.