बर्फाचा खुळखुळा

मुलीच्या चौदाव्या आठवड्याच्या लसींसाठी पालिकेच्या दवाखान्यात गेलो होतो. आमच्या आधी दहा-बारा जण होते, त्यामुळे करण्यासारखं काहीच नव्हतं. कोपऱ्यात एक सिस्टर बाहेरच्या लसीकरणाची तयारी करत होत्या. फ्रीजरमधून काढलेले आईसपॅक टेबलावर मांडलेले. दर थोड्या वेळानं त्या एकेक उचलायच्या, कानाजवळ नेऊन खुळखुळ्यासारखा हलवायच्या आणि परत ठेवून द्यायच्या. न राहवून विचारलं, "सिस्टर, हे काय करताय?"

"आत पाणी वाजलं पाहिजे. नाही वाजलं तर लस गोठते."

झालं. डोक्यात किडा वळवळायला लागला. घरी येऊन वाचत बसलो, आणि जे कळलं त्यानं माझ्यातला इंजिनियर चांगलाच भडकला.

तोंडावाटे देतात ती पोलिओची लस (सेबिनसाहेबांची, दोन थेंबवाली) उष्णतेला सगळ्यात नाजूक. साठवायची ती उणे २० अंशांवर. टोचतात ती (साल्कसाहेबांची, १९५५ची) नेमकी उलट, गोठली की गेली. ती २ ते ८ अंशांतच हवी. म्हणजे एकाच रोगाच्या दोन लसी, एकीला बर्फ हवा आणि दुसरीला बर्फाचं वावडं, आणि दोघी एकाच निळ्या डब्यातून गावोगाव फिरतात! थेंबांच्या बाटलीवर तो छोटा चौकोन असतो ना, उष्णतेनं काळा पडत जाणारा, तो १९९६पासून आहे. अफलातून शोध आहे. पण तो ऊन दाखवतो, थंडी नाही. काही लसी गोठल्या की बाटली हलवून साका बघून ओळखता येतं. टोचायच्या पोलिओ लसीत तेही चालत नाही. ती गोठून फुकट गेली तरी दिसायला स्वच्छ पाणीच. म्हणजे सुई टोचली, पोर रडलं, कार्डावर खूण झाली, आणि संरक्षण किती मिळालं कुणास ठाऊक! आपल्या धंद्यात याला 'सायलेंट फेल्युअर' म्हणतात आणि त्यासाठी रात्री दोनला झोपेतून उठवतात. इथे त्यावरचा उपाय म्हणजे एका बाईचा कान.

आता हे ऑफिसात सांगितलं तर पहिली प्रतिक्रिया काय? "अरे, आयओटी सेन्सर लाव ना! डॅशबोर्ड बनवू!" च्यायला. डॅशबोर्ड आहेत हो. २०१५पासून आपल्याकडे ईविन आहे, लसींच्या फ्रीजमध्ये तापमापक आणि साठ्याची नोंद मोबाईलवर. काम उत्तम आहे, माझा त्याला अजिबात विरोध नाही. विरोध आहे तो आपल्या जमातीच्या एका खोडीला. एखादा भाग वारंवार बिघडत असेल तर तो भागच काढून टाकता येईल का, हे आपण विचारत नाही, त्याच्यावर नजर ठेवणारा दुसरा भाग बसवतो. मग तो बिघडला की तिसरा. इथे काढून टाकायच्या गोष्टी दोन आहेत, फ्रीज आणि सुई.

"पण पोलिओ तर संपला ना?" हे दुसरं वाक्य, तेही कँटीनमधलंच. भारतातली शेवटची केस १३ जानेवारी २०११ला हावड्यात सापडली आणि २७ मार्च २०१४ला आपण पोलिओमुक्त ठरलो, हे खरंच. त्याच्या दोनच वर्षं आधी, २००९मध्ये, आपल्याकडे ७४१ केसेस होत्या. हे ज्यांनी केलं त्यांच्यापुढे आपली सगळी 'स्केल'ची भाषा फिकी आहे. पण पाकिस्तानात २०२३मध्ये ६ केसेस होत्या आणि २०२४मध्ये ७४ झाल्या.

आणि खरी गोम पुढे आहे. थेंबांतला विषाणू जिवंत असतो, दुबळा केलेला. जिथे बऱ्याच मुलांना लसच मिळालेली नाही तिथे तो मुलामुलांतून फिरत राहतो आणि फिरताफिरता परत ताकद कमावतो. २०२०मध्ये जगात मूळच्या पोलिओच्या १४० केसेस होत्या. असा लसीतून उपजलेल्या विषाणूच्या? हजाराहून अधिक. २०२२मध्ये न्यूयॉर्कजवळ एक तरुण लुळा पडला, २०२४मध्ये गाझात दहा महिन्यांचं बाळ. दोन्ही त्याच जातकुळीचे. यावरून 'लसच वाईट' असं कुणी व्हॉट्सॅपवर फिरवणार असेल तर त्यानं वरचा ७४१चा आकडा परत वाचावा. थेंबांनीच आपल्याला वाचवलं. पण मूळचा पोलिओ संपला की एक दिवस थेंबही बंद करावेच लागणार, हे त्यातलं गणित आहे. त्यानंतर जगातल्या प्रत्येक बाळासाठी उरते फक्त टोचायची लस.

म्हणजे बघा, थेंब जिंकले ते कुणालाही देता येत होते म्हणून. बच्चनसाहेब टीव्हीवरून ओरडले आणि स्टेशनवर, यष्टी स्टँडवर, वीटभट्टीवर स्वयंसेवकांनी पोरांच्या तोंडात दोन थेंब टाकून करंगळीला शाई लावली. आता शेवटच्या टप्प्यात आपण तीच सोय काढून घेणार, आणि वीटभट्टीवर प्रशिक्षित नर्स, सुई, सुयांचा कचरा नि २ ते ८ अंश पाठवणार?

बरं, पर्याय नाहीत असंही नाही. २०१६मध्ये या लसीचा जगभर तुटवडा झाला तेव्हा आपल्याच लोकांनी हुशारी केली. पूर्ण डोसाऐवजी पाचवा हिस्सा, ०.१ मिली, थेट कातडीत. माझ्या मुलीला उजव्या दंडावर दिला तो हाच. पण कातडीत नेमकं टोचणं कौशल्याचं काम, सुई जरा खोल गेली की संपलं. त्यासाठी स्प्रिंगवर चालणारं यंत्र आहे, बिनसुईचं. लसीची बारीक धार जोरात कातडीत शिरते, क्षणार्धात काम खलास. २०१९मध्ये कराचीत ते पोलिओच्या मोहिमेत वापरलं. आपल्याकडे २०२१मध्ये परवानगी मिळालेली झायडसची कोविड लस त्याच यंत्रानं द्यायची होती. (जुन्या बिनसुई यंत्रांची बदनामी खरी आहे. एकच तोंड सगळ्यांना लावल्यामुळे १९८५मध्ये कॅलिफोर्नियात काविळीची साथ आली होती. आताच्या यंत्राचं तोंड दर माणसामागे बदलतात.)

त्यापुढची पायरी म्हणजे पट्टी. बारीक बारीक टोकं असलेली, चिकटवायची आणि काढायची, आत लस कोरडी. गॅम्बियात गोवर-रुबेलाच्या अशा पट्ट्या लहान मुलांवर तपासल्या आणि २०२४मध्ये निकाल आले, परिणाम सुईच्या तोडीचा. पोलिओची लस कोरडी करून ३७ अंशांवर चार आठवडे टिकवल्याचा प्रयोग अमेरिकेत २०१८मध्ये झालाय, पण तो उंदरांवर. तिथून वीटभट्टीपर्यंतचं अंतर कोण कापणार?

नेहमीचा आक्षेप माहीत आहे. बाकीच्या लसींना फ्रीज लागणारच, मग एकट्या पोलिओची पट्टी करून काय साधणार? दवाखान्यापुरतं बरोबर आहे. पण मोहीम दवाखान्यात होत नाही, ती दवाखाना संपतो तिथून पुढे होते. आफ्रिकेतल्या मेंदूज्वरासाठी पुण्याच्या सिरमनं बनवलेल्या लसीला २०१२मध्ये चार दिवस ४० अंशांपर्यंत बर्फाशिवाय फिरायची मुभा मिळाली, आणि बेनिनमध्ये ती तशी फिरलीही. चार दिवस! तेवढ्यात डोंगरातले पाडे होतात.

दुसरा आक्षेप खरा आहे आणि मला त्यावर उत्तर नाही. टोचायची लस मुलाला लुळेपणापासून वाचवते, पण आतड्यात विषाणूची वाढ थेंबांइतकी रोखत नाही. म्हणजे साथ भडकली तर पट्टी पुरणार नाही, थेंब लागतीलच. मान्य. पण रोजच्या लसीकरणासाठी पट्टी नको, असा त्याचा अर्थ होत नाही.

अडलंय कुठे? माझ्या मते गिऱ्हाइकात. पट्टीचा कारखाना आधी उभारायला लागतो, आणि विकत घेणार कोण, तर सरकारं आणि युनिसेफ, तेही टेंडरवर, डोसामागे पैसे मोजून. ज्यांना पट्टीची गरज आहे त्यांच्या खिशात दमडी नाही, आणि ज्यांच्याकडे पैसा आहे त्यांच्या दवाखान्यात एसी आहे, फ्रीज आहे आणि पोरगं रडलं तर द्यायला चॉकलेटही. लसींच्या नव्या तंत्रांत सूक्ष्म सुयांच्या पट्टीचा नंबर पहिला, असं २०२०मध्ये गावी, डब्ल्यूएचओ, युनिसेफ सगळ्यांनी मिळून ठरवलं. ठरवलं खरं. पण 'इतक्या कोटी पट्ट्या या भावानं घेऊ' अशी आगाऊ ऑर्डर कुणी दिली तर कारखाना उभा राहील. ती आपल्या सरकारनं द्यावी असं मला वाटतं, कारण जगाच्या लसी आपणच बनवतो आणि पोरंही आपल्याकडेच सगळ्यात जास्त जन्मतात.

असो. आमचा नंबर आला तेव्हा टेबलावरचे तीन आईसपॅक वाजायला लागले होते. चौथा अजून मुका होता, आणि बाहेर रिक्षावाला हॉर्न मारत होता. सिस्टरांनी तो साडीच्या पदराखाली, दोन्ही तळव्यांत धरून ठेवला.