विश्वास उडाल्यावर बिऱ्हाड हलवावें काय ?

वाचकहो, एकत्र कुटुंब मोडलें अशी हाकाटी सर्वत्र ऐकूं येते. आमचें मोडलें नाहीं; हिंगोलीच्या वाड्यांतून निघून तें व्हॉट्सॅपवरील एका गटांत राहावयास गेलें आहे. पुण्याच्या नातवाचा पहिला दांत, अमेरिकेंतील पुतणीचें बाळंतपण, वडिलांच्या श्राद्धाची तिथि, सारें तेथेंच कळतें. गेल्या महिन्यांत नांदेडच्या धाकट्या पुतण्यानें त्याच गटांत लिहिलें, "काका, ह्या कंपनीवर माझा विश्वास उरला नाहीं. आपण सर्वांनीं सिग्नलवर जावें." झालें, घरांत दोन तट पडले.

पुतण्याचें म्हणणें निराधार नव्हे. २०१४ सालीं फेसबुकनें व्हॉट्सॅप विकत घेतलें. आपली माहिती फेसबुककडे जाऊं नये असें कळविण्याची मुभा २०१६ सालीं जुन्या ग्राहकांस, अल्प मुदतीपुरती कां होईना, मिळाली होती. २०२१ च्या जानेवारींत नव्या अटी आल्या, त्यांत ती मुभा नव्हती. ओरड झाल्यावर ८ फेब्रुवारीची मुदत १५ मेपर्यंत वाढली, अटी राहिल्याच. ह्याच प्रकरणीं भारतीय स्पर्धा आयोगानें १८ नोव्हेंबर २०२४ रोजीं मालक कंपनी मेटास २१३.१४ कोटि रुपये दंड ठोठावला. वाद पुढें अपिलांत गेला. व्हॉट्सॅपच्या दोन संस्थापकांपैकीं ब्रायन ॲक्टन हे तर २०१७ सालीं बाहेर पडले व २०१८ सालीं सिग्नलच्या न्यासास त्यांनीं पांच कोटि डॉलर दिले.

तथापि न्याय दोन्ही बाजूंनीं करावा. संदेशांतील मजकूर कंपनीस वाचतां येऊं नये, अशी योजना २०१६ पासून व्हॉट्सॅपवर आहे. परंतु पाकीट बंद असलें तरी तें कोणीं, कोणास, केव्हां धाडलें हें पोस्टमनास दिसतेंच. भय आहे तें ह्या पत्त्यांचें.

मीं प्रथम निघण्याच्या बाजूनें कौल दिला. मग औंढ्याची माझी थोरली बहीण आठवली. अक्काचें वय ८१, बोटें थरथरतात. बोलून संदेश धाडावयास शिकण्यांत तिचीं दोन वर्षें गेलीं. आम्ही तत्त्वासाठीं निघालों असतों आणि ती ओस ओसरीवर एकटी बोलत राहिली असती. घराचा वीट आला तरी शेजार सुटत नाहीं, आणि घरमालकास हें नेमकें ठाऊक असतें.

अखेर असें ठरलें : जुने फोटो व संदेश आधीं उतरवून ठेवावेत. सिग्नलवर गट आजच काढावा. पण अक्का तेथें स्वतः बोलूं लागेपर्यंत जुन्या गटांतून कोणीं पाय काढूं नये. आणि पुतण्यानें दर रविवारीं औंढ्यास जाऊन तिला शिकवावें. अर्धें धरून अर्धें सोडणें ह्यास कोणी अर्धजरतीय न्याय म्हणतील. म्हणोत बापडे. परक्यानें विश्वास मोडला म्हणून निघणाऱ्यानें वाटेंत आपल्या माणसाचा विश्वास मोडूं नये, एवढेंच आमचें सांगणें.

परवां नव्या गटांत अक्काचा आवाज आला, "कोण कोण आलंय रे ?" अद्याप सात जण यावयाचे आहेत.