श्रावणबाळाला मारलं कोणी?

न्हावा-शेव्याच्या धक्क्यावर मी कंत्राटी कामगार आहे. जहाजावर कंटेनर बांधायचे, कंटेनर सोडायचे. रात्रपाळी करून सकाळी बाहेर पडलो की डोळ्यांत मीठ टाकल्यासारखं होतं. आमच्या तिथं काही कंटेनर पांढरे असतात. त्यांना रीफर म्हणतात. रीफर म्हणजे खोलीएवढा फ्रीज. त्यात आपल्या खानदेशची केळी असतात. रावेर-यावलची, दुबई-इराणकडं निघालेली. जहाज लागेस्तोवर या डब्याला दिवसरात्र वीज जोडलेली असते. आत तेरा-चौदा अंश. प्लग निघाला, काटा हलला की सायबापासून हमालापर्यंत सगळे धावतात. केळं डब्यातच पिकलं तर मालकाचा माल गेला ना!

गेल्या मे महिन्यात सुट्टी काढून देवपूरला गेलो. पांझरेचा पूल ओलांडून गल्लीत शिरलो तेव्हा रात्रीचे दहा वाजले असतील. सगळ्यांच्या घरात उजेड, आमच्याच घरात नाही. आजी उंबऱ्यात बसून पुठ्ठ्यानं वारा घेत होती.

"लाईट गयी का वं आजी?"

"गयी नही बा. कापी लई ग्यात."

तीन आठवडे झाले होते. मला कळवलं का नाही, म्हणून मी ओरडलो. म्हणाली, "तुले काय सांगू? तू तठे वझं उचलस."

पत्र्याचं घर. दिवसा पारा बेचाळीस-त्रेचाळीसवर. केळ्याला तेरा अंश आणि आजीला त्रेचाळीस. मी मॅट्रिक झालेला माणूस, गणितात काठावर पास. पण हे गणित मला कोणीतरी फळ्यावर सोडवून दाखवावं.

कुठल्या कचेरीचं नाव इथं लिहीत नाही. वायर कापायला आलेल्या पोरावरही माझा राग नाही. तोही कंत्राटी, माझ्यासारखाच. त्याच्या साहेबाला वसुलीचा आकडा वरून आलेला, साहेबाच्या साहेबाला त्याच्याही वरून. बिल थकलं होतं हेही खरं. प्रश्न असा आहे मित्रांनो, की ते थकतं कसं? म्हातारी काय दारू पिते? जुगार खेळते? चोरून एसी लावते?

तिला श्रावणबाळचा पगार मिळतो. पगार हा तिचा शब्द. महिन्याला पंधराशे रुपये. दिवसाला पन्नास. २०१९ पर्यंत हेच सहाशे होते, मग हजार झाले, २०२३ साली पंधराशे. वर्षाचे अठरा हजार. आणि ही रक्कम मिळायला अट काय, तर घरचं वार्षिक उत्पन्न एकवीस हजाराच्या आत पाहिजे. म्हणजे आधी सिद्ध करा की तुम्ही उपाशी आहात, मग आम्ही तुम्हाला अर्धपोटी ठेवू. यात दिल्लीचा वाटा किती? साठ ते एकोणऐंशी वयाच्या माणसामागं महिन्याला दोनशे रुपये. आठवलेलं बरं म्हणून सांगतो, हे दोनशे गेली कित्येक वर्षं तसेच आहेत. ऐंशी पूर्ण केली की पाचशे. ऐंशीपर्यंत जगून दाखवा, मग बक्षीस.

दुसरी गंमत. २०२४ साली लाडकी बहीण आली. तिला पंधराशे. पण वयाच्या पासष्टीपर्यंतच. पासष्ट सरली की बाई बहीण राहत नाही, श्रावणबाळाची आई होते. पैसे तेवढेच.

श्रावणबाळ! नाव ठेवणाऱ्यानं पुराण नीट वाचलेलं दिसत नाही. आपली पोरं ते वाचत नाहीत, चांगलंच आहे, पण ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. आंधळे आईबाप, कावडीत घेऊन फिरणारा पोरगा. म्हातारा-म्हातारीला तहान लागली. पोरगा अंधारात नदीवर पाणी भरायला गेला. घागरीचा आवाज आला आणि बाण सुटला. श्रावणबाळाला मारलं कोणी? राजानं. शिकार समजून. आणि मग त्याच राजवाड्यातून श्रावणबाळाच्या नावानं महिन्याला पंधराशे रुपये वाटायचे. आम्ही पोरं मुंबई-सुरत-पुण्याला कावड वाहायलाच गेलोय. इकडे आईबाप अंधारात तहानलेले.

तहानेवरून सांगतो. वीज कापली की पाणीही कापलं जातं, हे कागदावर कुठंच लिहिलेलं नसतं. धुळ्यानं वर्षानुवर्षं सात-आठ दिवसांआड पाणी भरलेलं आहे. नळ आला की ज्याच्याकडं मोटर तो ओढून घेतो. ज्याची वीज तोडली त्याच्या नळातून सुस्कारा येतो. मग म्हातारीनं हंडा घेऊन शेजारच्या दारात उभं राहायचं. "वाढ वं माय" म्हणायचं. १९२७ साली चवदार तळ्यावर आपण ओंजळ भरली ती कुणाच्या दारात हंडा घेऊन उभं राहावं लागू नये म्हणून. आता दार आपल्याच माणसाचं असतं, एवढाच फरक. तो पाणी देतो. पण तिसऱ्या वेळी देताना त्याचं तोंड बघा.

आता विजेचा हिशोब. दारिद्र्यरेषेखालच्या ग्राहकाला वेगळा, स्वस्त दर आहे. आहे, खरंच आहे. अट अशी की वर्षाला तीनशे साठ युनिटच्या आत राहायचं. महिन्याला तीस, दिवसाला एक. मी बसून मांडलं. पंचाहत्तर वॅटचा जुना पंखा तेरा तास फिरला की एक युनिट संपत आलं. उरल्यात नऊ वॅटचा दिवा पावणेतीन तास. बस. मोबाईल चार्ज करायचा नाही, मोटर लावायची नाही, मे महिन्यात दुपारी आणि रात्री दोन्ही वेळा पंखा लावायचा नाही. वर्षात ओलांडली तीनशे साठची रेघ, की पुढच्या साली तुम्ही गरीब नाही. तुमचा पंखा तुम्हाला दारिद्र्यरेषेच्या वर घेऊन गेला! त्या वरच्या वर्गात एक युनिट न जाळताही महिन्याचा स्थिर आकार शंभराच्या वर. मग वहन आकार. मग सोळा टक्के वीज शुल्क. नाही भरलं तर व्याज. आजीला अक्षर येत नाही. ती बिलाचा खालचा आकडा बघते आणि कागद घडी करून बाबासाहेबांच्या फोटोमागं खोचते. फोटोमागून मी अकरा बिलं काढली.

फोटोमागं. दोस्तहो, इथं मी थांबलो. कारण या माणसाचा विजेशी संबंध काय ते आपल्यातल्या किती जणांना माहीत आहे? घटना, पाणी, गोलमेज परिषद, धम्म, सगळं भाषणात येतं. १९४२ ते १९४६ बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते आणि वीज त्यांच्या खात्यात होती. १९४३ च्या ऑक्टोबरात वीजविषयक धोरण समितीपुढं त्यांनी सरळ प्रश्न टाकला होता की या देशाला वीज कशासाठी पाहिजे. त्यांचं म्हणणं, वीज मुबलक पाहिजे आणि स्वस्त पाहिजे, नाहीतर कारखाने उभे राहणार नाहीत आणि माणूस दारिद्र्याच्या चक्रातून सुटणार नाही. नफ्याच्या मागं लागलेल्या कंपन्यांच्या हाती ती सोडायला ते तयार नव्हते. पुढं १९४८ चा वीजपुरवठा कायदा झाला, त्यातून राज्याराज्यांची मंडळं निघाली, महाराष्ट्राचं १९६० साली. २००३ च्या नव्या कायद्यानं ती मोडायला लावली आणि २००५ साली आपल्या मंडळाच्या कंपन्या झाल्या. मंडळ फार सज्जन होतं असं मी म्हणत नाही. पण मंडळाला तोटा झाला तर तो राज्याचा होता. कंपनीला तोटा झाला की तो आजीचा असतो.

आणि नाव मात्र बाबासाहेबांचंच लावतात. २०२१ साली १४ एप्रिलपासून ६ डिसेंबरपर्यंत महावितरणनं 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर जीवन प्रकाश योजना' चालवली. अनुसूचित जाती-जमातीच्या घरांना वीजजोडणी. पाचशे रुपये अनामत, तीही पाच हप्त्यांत. वाचून बरं वाटलं. पुढची ओळ वाचली. त्या जागेवर आधीची थकबाकी नसावी. म्हणजे ज्याच्या घरात अंधार थकबाकीमुळंच आहे त्यानं या प्रकाशात येऊ नये.

त्याच २०२१ च्या मार्चात विधानसभेत जाहीर झालं होतं की वीज तोडणी थांबवली. कोरोनाच्या टाळेबंदीनंतरची फुगलेली बिलं होती, लोक हातघाईवर आले होते. अधिवेशन संपायच्या दिवशी स्थगिती उठवली. आठवडाभराचा उजेड. ऊर्जामंत्री आपल्यातलेच होते. त्यांच्या जागी कोण असता तरी हेच झालं असतं असं म्हणतात. असेलही. मग आपला माणूस खुर्चीवर बसला म्हणून आपण गुलाल कशाला उधळायचा?

मग अभय योजना आल्या. २०२४ च्या योजनेत कायमची वीज तोडलेल्यांना व्याज माफ, विलंब आकार माफ. मूळ थकबाकीचे तीस टक्के आधी भरा, उरलेले सहा हप्त्यांत. कारखानदाराला, दुकानदाराला ठीक आहे. दिवसाला पन्नास रुपये मिळणाऱ्या बाईनं तीस टक्के एकदम कुठून आणायचे? भय तसंच राहिलं.

असो. आता जे लिहिणार आहे ते तुमच्या-माझ्याबद्दल आहे. राग आला तर येऊ द्या.

१४ एप्रिलला आमच्या गल्लीत तीन दिवस दिवाळी होती. कमानीवर माळा, झाडावर माळा, निळी झालर, डीजेचा ट्रक, त्यावर फिरणारे लाईट. मी मुंबईहून पाचशे रुपये वर्गणी पाठवली होती, पावती आहे माझ्याकडं. मंडपाची वीज कुठून घेतली ते विचारू नका. आजीची वायर कापली ती जयंतीनंतर. पण तिच्यापासून तिसऱ्या घरात एक म्हातारा राहतो, त्याची त्याआधीच कापलेली होती. म्हणजे तीन दिवस गल्ली झगमगत होती आणि हा माणूस त्या झगमगाटाच्या मधोमध काळ्या खोलीत बसून होता. भिंतीवर निळा-लाल उजेड फिरत असणार. तो १९७९ च्या लाँग मार्चला गेलेला माणूस आहे. नामांतरासाठी काठ्या खाल्लेला. मिलमध्ये होता, मिल बंद पडली. नंतर इथं-तिथं केलेल्या नोकरीची पेन्शन हजार रुपये. २०१४ सालापासून हजारच. कमानीची वर्गणी त्यानंही दिली होती. पन्नास रुपये. हे मला त्यानं नाही सांगितलं, वहीत नाव बघितलं मी.

आपल्या पोरांना त्याची खोली दिसली नाही? दिसली. सगळ्यांना माहीत होतं. "बाबाची लाईट कापली" एवढं बोलून सगळे ट्रकमागं गेले. मी असतो तर मीही गेलो असतो. च्यायला, नाचलो असतो.

३१ जुलैला आपण लळिंगच्या लांडोर बंगल्यावर जातो, बाबासाहेब १९३७ साली तिथं मुक्कामाला होते म्हणून. ते धुळ्याला आले होते ते कोर्टाच्या कामासाठी. एका पक्षकाराची केस लढायला आले होते. आपण त्यांच्या मुक्कामाची जागा लक्षात ठेवली, कामाचं काय?

काम एवढंच आहे. कायदा कंपनीच्या बाजूचा आहे, पण त्यात फटी आहेत. २००३ च्या कायद्याचं कलम ५६ वाचा. वीज तोडण्याआधी पूर्ण पंधरा दिवसांची लेखी नोटीस पाहिजे. आता ती मोबाईलवर येते. म्हातारीचा मोबाईल नातवाच्या नावावर, नातू भिवंडीत, नोटीस भिवंडीत. तिच्या बिलावर कुणाचा नंबर आहे ते बघा. बिल चुकीचं वाटलं तर हरकत नोंदवून मागच्या सहा महिन्यांच्या सरासरीएवढी रक्कम भरा, वाद मिटेस्तोवर तोडता येत नाही. दोन वर्षांपूर्वीची थकबाकी बिलात सतत दाखवत आले नसतील तर वसूल करता येत नाही. हप्ते बांधून मागता येतात, अर्ज लेखी द्या, पोच घ्या. तोंडी सांगितलेलं हवेत जातं. आणि चमेली सिंग खटला लक्षात ठेवा. १९९६ च्या निकालपत्रांत छापलेला आहे. उत्तर प्रदेशात दलितांच्या घरांसाठी जमीन घेतली त्यावरचा खटला. सुप्रीम कोर्टानं तिथं म्हटलं की निवारा म्हणजे नुसतं छप्पर नाही. पाणी, वीज, रस्ता, स्वच्छता हे सगळं त्या हक्कात येतं. आपल्याच लोकांच्या घरांवरून निघालेला निकाल आपल्याला माहीत नाही.

हे करायला डीजे लागत नाही. वर्गणीच्या वहीत मागच्या पानावर गल्लीतल्या साठीपुढच्या माणसांची यादी लागते. कुणाची कापली, किती थकलं, पगार कुठं अडकला, कुणाचा अंगठा मशीन घेत नाही. माझा स्वतःचा घेत नाही, पंचविशीतच. लोखंडी रॉड धरून धरून बोटं गुळगुळीत झालीत. आजीची धुणीभांडी करून. हयातीचा दाखला द्यायला गेलं की मशीन म्हणतं, ही बाई जिवंत नाही.

मी दोन पाळ्यांचे पैसे घातले, उरलेलं उसनं घेतलं, आजीचं बिल भरलं. वीज आली. आजी आधी म्हणाली, "त्या बाबानं बी भर." माझ्याकडं नव्हते. दुसऱ्या दिवशी गल्लीतली दोन पोरं घेऊन त्याचा हप्त्याचा अर्ज लिहून दिला, पोच आणली. एका पोरानं विचारलं, यंदाच्या जयंतीत शिल्लक किती राहिली ते बघू का? बघ म्हटलं. वही अध्यक्षाकडं आहे, अजून मिळालेली नाही. मी मुंबईहून फोन करत राहणार आहे.

निघायच्या आदल्या रात्री घरात पंखा फिरत होता. मध्यरात्री घामानं जाग आली. पंखा बंद. आजी अंधारात पुठ्ठ्यानं मला वारा घालत बसली होती. मी उठून बटण दाबलं. थोड्या वेळानं डोळा लागला असेल नसेल, तिनं परत बंद केलं.

"युनिट पडस रे बा," म्हणाली.